लाल गाडीचा बंद काटा

ती केस आठवली की आजही छाती फुगते, आणि तिच्याच जोडीने थोडी शरमही वाटते. दोन्ही गोष्टी एकाच केसमध्ये वाट्याला याव्यात असे माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाच घडले. नावे कुणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली होती. जळगावहून चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ठाण्याचा फोन वाजला. केळीचा ट्रक घेऊन निघालेल्या एका ड्रायव्हरने कळवले, की रस्त्याच्या कडेला एक बाई पडली आहे, तिला उडवणारी गाडी लाल रंगाची, बिनटपाची होती आणि ती न थांबता निघून गेली.

बाई केळीच्या बागेत पाने कापण्याचे काम करायची. कमरेचे हाड मोडले होते. दवाखान्यात ती शुद्धीवर होती, पण दुखण्याने बोलवत नव्हते. मी खाटेशेजारी बसून विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, "लाल गाळी होती, उघळी. डोस्क्यावर टोपी होती त्याच्या. मले दुसरं काही नही दिसलं."

आमच्या हद्दीत लाल उघडी गाडी एकच होती. तिला शोधायला पोलीस लागत नाही, शाळेतले पोरही दाखवेल. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या फार्महाऊसवर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. दोन माणसे बसतील एवढीच जागा, लांबलचक नाक, तारांची चाके. विलायतेत बनलेली शर्यतीची गाडी, वय माझ्यापेक्षा जास्त. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालून गावात फेरी मारायची, हा शेठचा नेम होता.

हवालदार फार्महाऊसवर गेला तेव्हा शेठ सुरतला गेलेले होते. घरी त्यांचा पुतण्या होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणे गोड. तो म्हणाला, "गाडीचं स्पीडोमीटर बंद आहे. भुसावळचे मिस्त्री दुरुस्तीला येतात. आजही दुपारी आले आणि ट्रायल घेतो म्हणून गाडी घेऊन गेले. सातच्या सुमाराला परत आणून लावली. शेडमध्ये काहीतरी ठोकाठोकी करत होते, मग कुलूप लावून गेले. किल्ली त्यांच्याकडेच असते. दुसरी काकांकडे, सुरतला."

मिस्त्री म्हणजे रेल्वेच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेला सत्तर वर्षांचा माणूस. मूळचा धुळ्याकडचा, बोली अहिराणी, पण हयात भुसावळला गेली. जुन्या गाड्यांचे वेड असल्यामुळे जिल्ह्यातले हौशी लोक त्याला बोलावून घेत. त्याच रात्री माझी माणसे त्याला घरून घेऊन आली. रेल्वे क्वार्टरच्या गल्लीत जीप उभी राहिली, सगळ्यांची दारे उघडली आणि सगळ्यांच्या देखत त्याला मागच्या सीटवर बसवले. खिशात शेडची किल्ली सापडली.

मी विचारले, "आज फार्महाऊसवर गेला होता?"

"नही साहेब. मी शनिवारले गयथू. रविवारले घरमाच व्हतू."

"कोणी पाहिलं?"

"कोण देखी? घरवाली पोरीकडे गयी शे."

"टोपी घालता का?"

"घालस. शनिवारले शेडमाच राहिनी ती, खुंटीवर."

मला हे उत्तर फारच सोयीस्कर वाटले. किल्ली त्याच्याकडे, टोपी त्याची, साक्षीदार कोणी नाही. मी मनातल्या मनात केस संपवून टाकली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसे माझे झाले.

कलमे जामीनपात्र होती. मी म्हटले, "मिस्त्री, जामीनदार बोलवा, सही करा आणि घरी जा." तर हा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला.

"जामीन गुन्हेगारले लागस. मी काय करेल शे? मी सही कराव नही."

ठाणे अंमलदाराने समजावले, मी दरडावले. उपयोग शून्य. नातेवाइकाला कळवणे आम्हाला भाग होते, तर त्याने बायकोऐवजी शेजाऱ्याचे नाव दिले आणि त्याच्याकडून वचन घेतले, की तिला यातले काही सांगायचे नाही. रात्र त्याने आमच्या लॉकअपमध्ये काढली. सोमवारी सकाळी अकराला कोर्टासमोर उभे केले, तिथेही त्याने जामीन नाकारला. न्यायालयीन कोठडी मिळाली आणि त्याची रवानगी तालुक्याच्या सबजेलमध्ये झाली. माझ्या नोकरीत जामीन मिळत नाही म्हणून रडणारे शेकड्याने पाहिले. मिळत असताना नको म्हणणारा हा पहिलाच. तेव्हाच मला थांबून विचार करायला हवा होता, पण मी त्याला म्हातारपणाचा हेका समजलो.

आणखी एक चूक इथेच सांगून टाकतो. मिस्त्रीची किल्ली हातात असूनही मी रविवारी रात्री शेड उघडून पाहिली नाही. सोमवारी सकाळी एका मंत्र्याच्या दौऱ्याचा बंदोबस्त होता. पंचनामा दुपारी करू म्हटले, आणि तसा निरोप फार्महाऊसवरही ठेवला. शेडला साधे सीलही लावले नाही.

सोमवारी दुपारी हवालदार पंचांना घेऊन गेला. गाडी शेडमध्ये होती. डावा मडगार्ड ताजा ताजा ठोकून सरळ केलेला, त्या बाजूच्या दिव्याला नवी काच. मिस्त्रीची टोपी सीटवर. हवालदाराने सगळे नीट लिहिले आणि शेवटी लिहिले, 'स्पीडोमीटर बंद'. आकडा लिहिला नाही. बंद मीटरचा आकडा कशाला लिहायचा, असे त्याला वाटले, आणि कागद वाचून सही करताना मलाही तसेच वाटले.

मंगळवारी गाडीची तांत्रिक तपासणी होती. आरटीओकडून मोटार वाहन निरीक्षक आले. चांगला माणूस, पण असली गाडी त्यांनी आयुष्यात उघडली नव्हती. बॉनेट कुठून उघडते इथपासून प्रश्न. ते हसून म्हणाले, "साहेब, ज्याला आत टाकलंय त्यालाच बोलवा. मी समोर उभा राहतो, करू दे त्याला." कोर्टाची परवानगी काढली आणि मिस्त्रीला पोलीस बंदोबस्तात शेडवर आणले.

त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली. दिव्यापाशी थांबला. काचेवर नख वाजवले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तो चिडलेला मी पाहिला.

"हाई काच कोन्ही बसाडी? हाई ट्रॅक्टरना दिवानी शे. मना हातनं असं काम व्हई?"

मी म्हटले, "तुम्हीच रविवारी ठोकाठोकी केली म्हणतात."

तो निरीक्षकांकडे सरकला. निरीक्षकांनी कागदावर लिहायला सुरुवात केली होती, 'स्पीडोमीटर नादुरुस्त'. मिस्त्रीने मान वाकवून वाचले आणि म्हणाला, "साहेब, मीटर बंद नही शे. काटा मरेल शे, आकडा जित्ता शेतस."

मला काही कळले नाही. तेव्हा त्याने जे सांगितले ते सांगतो, कारण पुढची सगळी केस त्यावर उभी आहे. गाडी चालली की गिअरबॉक्सपासून एक केबल फिरते. ती मीटरच्या पोटात जाऊन दोन कामे करते. एक, दात्यांची छोटी चाके फिरवून गाडी एकूण किती धावली त्याचे आकडे पुढे सरकवते. दुसरे, एक लोहचुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीने वेगाचा काटा वर जातो. या गाडीत काट्याच्या आसाभोवतीचे वंगण वर्षानुवर्षे सुकून घट्ट झाले होते. काटा शून्यावर चिकटून बसला होता. आकड्यांचे काम मात्र व्यवस्थित सुरू होते.

"शनिवारीच कळलं होतं का हे?" मी विचारले.

"कळनं व्हतं. पुढला आठवडामा तेल लई येसू, मीटर काढसू, असं सांगेल व्हतं मी त्या पोऱ्याले."

निरीक्षकांना शंका होती. ते म्हणाले, "दाखवा." मिस्त्री जमिनीवर बसला, पण केबलला हात लावण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाला, "पहिले आकडा लिखी ल्या. मंग मी हात लावसू."

आरोपीने पोलिसाला पंचनामा शिकवला, हे लिहायला आज काही वाटत नाही, तेव्हा कान गरम झाले होते. पंचांसमोर आकडा लिहून घेतला. अडतीस हजार चारशे पन्नास. मग त्याने गाडीखाली सरकून केबलचे खालचे टोक सोडवले, ड्रिल मशीनला जोडले आणि मशीन सुरू केली. मी दाराशी वाकून मीटर बघत होतो. काटा जागचा हलला नाही. आकड्यांतले शेवटचे चाक मात्र सावकाश फिरत गेले आणि पन्नासचे एक्कावन्न झाले.

"बरोबर आहे हो," निरीक्षक म्हणाले, आणि आपला आधीचा शेरा खोडून नवा लिहिला.

मग मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि आतल्या बाजूला बोट दाखवले. तिथे पांढऱ्या खडूने ओळीने तारखा आणि आकडे लिहिलेले होते. लोकोशेडची सवय, इंजिन हाताखाली आले की आधी नोंद, मग पाना. शेवटची तारीख शनिवारची. आकडा अडतीस हजार चारशे बारा.

मी वजाबाकी केली. अडतीस. शेडपासून अपघाताची जागा पाच किलोमीटर, जाऊन-येऊन दहा. मग उरलेले अंतर गाडी कुठे धावली? ट्रॅक्टरची काच डोळ्यासमोर होतीच. कोणीतरी गाडी दुरुस्तीला नेली होती. दहा वजा केले की अठ्ठावीस राहतात, म्हणजे जायला चौदा किलोमीटर. पोलीस म्हणून मला त्या क्षणी जो आनंद झाला तो पदक मिळाल्यावरही झाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत चौदा किलोमीटरच्या टप्प्यातली सगळी गावे पालथी घातली. दोन गॅरेज निघाली. एक महिन्यापासून बंद, दुसऱ्यात फक्त मोटारसायकली. हवालदार परत आला तो तोंड पाडून. आनंद तिथेच जिरला. मला वाटले, म्हाताऱ्याने आपल्याला नादी लावले. खडूचे आकडे काय, कोणीही कधीही लिहील.

बुधवारी सकाळी मी जरा तणतणतच सबजेलमध्ये गेलो. म्हटले, "मिस्त्री, तुमच्या अडतीस किलोमीटरचा काही मेळ बसत नाही."

तो जमिनीवर बसून चहा पीत होता. कप खाली ठेवून त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितले, जणू एखाद्या शिकाऊने पाना उलटा धरलाय.

"किलोमीटर नही साहेब, मैल शेतस. गाडी विलायतनी शे."

मी जीपमध्ये येऊन कागदावर गणित मांडले. अडतीस मैल म्हणजे एकसष्ट किलोमीटर. त्यातून दहा गेले, एक्कावन्न. निम्मे साडेपंचवीस. फार्महाऊसपासून साडेपंचवीस किलोमीटरवर काय आहे, हे नकाशा न बघताही मला ठाऊक होते. चोपडा.

चोपड्यात डेंटिंगवाले मोजकेच. तिसऱ्याच दुकानात विचारले तर दुकानदाराने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "ती लाल गाडी ना? तिला कोण विसरेल, साहेब. सोमवारी सकाळी साडेनऊला आली. अर्धा बाजार बघायला जमला होता. मी म्हटलं, हिची काच मिळणार नाही. तो म्हणाला, काहीही बसवा, बारापर्यंत परत पोचायचंय."

"कोण होता गाडीवर?"

"एकटाच होता. पोरगा. टोपी घालून."

त्याला वर्णन विचारण्याची गरजच उरली नाही. गर्दीतल्या कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला होता आणि तो त्या दुकानदाराकडेही पोचला होता. फोटोत गाडी, गाडीत पुतण्या. आणि सोमवारी सकाळी साडेनऊला मिस्त्री माझ्या लॉकअपमध्ये होता. स्टेशन डायरीत माझ्याच अक्षरात नोंद होती.

दुपारी पुतण्याला जबाबासाठी बोलावले. आवाज चढवला नाही. चौकशीत ओरडणारा अधिकारी स्वतःचेच पत्ते उघडे करतो, हे मी फार पूर्वी शिकलो होतो. चहा मागवला, पंखा वाढवला.

"तुम्ही चालवता का ती गाडी?"

"छे हो. तिला डबल क्लच मारावा लागतो. काका आणि मिस्त्री, दोघांनाच जमतं. मला तर काकांनी कधी हातही लावू दिला नाही."

"मग शनिवारनंतर ती फक्त मिस्त्रीनंच चालवली?"

"हो. रविवारी. मी सोमवारी तुमचे लोक येईपर्यंत तिकडे फिरकलोही नाही."

लेखनिकाने लिहून घेतले. पुतण्याने वाचून सही केली. मग मी सहज विचारल्यासारखे विचारले, "पण मीटर तर बंद. मग गाडी किती धावली, हे कळायचं कसं?"

तो हसला. मोकळेपणाने हसला, अगदी मित्राशी बोलावे तसा. "नाहीच कळणार, साहेब. मीटरच बंद आहे ना."

पोलीस खात्यात मला पगार मिळाला, बढती मिळाली, एकदा पदकही मिळाले. पण या एका वाक्यासाठी मी नोकरी परत पहिल्यापासून करीन. शनिवारी मिस्त्रीने त्याला सांगितले होते की काटा अडकला आहे. त्याने ऐकले की मीटर बंद आहे. गाडी हवी तशी पळवा, मागे कसलाच माग राहणार नाही, असा हिशोब त्याच्या डोक्यात बसला होता.

मी टेबलावर आधी मंगळवारचा पंचनामा ठेवला. मग बॉनेटच्या आतल्या खडूचा फोटो. मग चोपड्याचा फोटो. तिसऱ्या कागदाला त्याने चहाचा कप दूर सरकवला.

"काटा बंद होता," मी म्हणालो. "आकडे मोजत होते."

पुढची वीस मिनिटे तोच बोलत होता. दुसरी किल्ली सुरतला नव्हतीच, काकांच्या कपाटात होती. रविवारी घर रिकामे, रस्ता मोकळा, केसांत वारा आणि धूळ जाते म्हणून खुंटीवरची टोपी घातली. बाई वळणावर दिसली तेव्हा ब्रेक लागला नाही. घाबरून पळालो. टोपीवाला दिसला अशी बातमी पसरली तेव्हा मिस्त्रीचे नाव घ्यायचे सुचले.

त्याच संध्याकाळी शेठ सुरतहून परतले. मला वाटले आता फोन सुरू होतील, वरून दबाव येईल. मी तयारीत होतो. पण शेठनी पुतण्याला एकच प्रश्न विचारला, "बाईला तसंच टाकून आलास?" शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काम करा, साहेब. तिचा इलाज माझ्याकडे लागला." त्यांनी तो शब्द पाळला. बाई चार महिन्यांनी काठी घेऊन चालू लागली, हे मी स्वतः पाहिले.

मिस्त्रीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टाला दिला आणि गुरुवारी त्याच्या सुटकेचा हुकूम झाला. सबजेलच्या दारात तो पिशवी घेऊन उभा होता, ST स्टँड कुठल्या बाजूला म्हणून विचारत होता.

मी म्हटले, "जीपमध्ये बसा. पुढे."

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या गल्लीत आम्ही भरदुपारी शिरलो. तीच जीप, पण या वेळी मिस्त्री पुढच्या सीटवर आणि मी मागे, हवालदाराशेजारी. कोपऱ्यावर चहाची टपरी होती. रविवारी रात्री बघे जमले होते त्यांतले निम्मे तिथे हजर होते. मी गणवेशात खाली उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "ऐका. मिस्त्रींना आम्ही नेलं ती आमची चूक होती. माझी चूक होती. खरा आरोपी सापडलाय, आणि तो यांनीच शोधून दिला." असे काही बोलण्याची तरतूद पोलीस मॅन्युअलमध्ये नाही. वरिष्ठांनी विचारले असते तर उत्तर दिले असते, कोणी विचारले नाही.

टपरीवर एकदम गलका झाला. कोणी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली, कोणी त्याला बाकावर बसवले. टपरीवाल्याने न सांगता सगळ्यांना चहा दिला. मिस्त्री त्या गोतावळ्यात बसून ट्रॅक्टरच्या काचेबद्दल तक्रार करत होता. एवढे सगळे होऊन त्याचा राग कोणावर होता तर त्या काचेवर.

तेवढ्यात रिक्षातून त्याची बायको उतरली. पोरीकडून परत आली होती. हातात दोन पिशव्या. पोलीस जीप, मी, गर्दी, सगळे बघून ती जागीच थबकली. शेजाऱ्याने दिलेले वचन पाळले होते, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होते.

"काय व्हयनं? घरना फोन कोन्ही उचलत नव्हतं. कोठे व्हतात तुम्ही चार दिन?"

टपरीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी पुढे होऊन बोलणार होतो. सांगणे माझे कामच होते. संध्याकाळपर्यंत गल्लीने तिला सगळे सांगितले असते, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. पण त्याने कप बाकावर ठेवला, तिच्या हातातली एक पिशवी घेतली आणि म्हणाला,

"साहेबनं काम व्हतं. त्यास्ना एक मीटर अडकेल व्हतं."

एवढे बोलून तो तिच्यासोबत घराकडे चालू लागला.

या केसने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, की कागदावर 'बंद' लिहिण्याआधी नेमके काय बंद आहे ते बघा, मग ती वस्तू असो नाहीतर माणूस. ते डायरीत लिहून घेतात. पण त्या दुपारी टपरीसमोर, हातात गार झालेला चहा घेऊन, त्या दोघांना जाताना बघत मी जे शिकलो ते मला अजून कोणाला नीट सांगता आलेले नाही. चार दिवस माझ्यामुळे आत बसलेला माणूस मला माझ्याच चुकीपासून सोडवून गेला होता, आणि त्यासाठी त्याने माझ्याकडून कसलीच सही मागितली नव्हती.